सुट्टीत खामगावला येताय? मग अमेरिकेतल्या घराचा हीटर बंद करून निघू नका

खामगावात पाइप फुटतो तो उन्हाने. गच्चीवरचा पीव्हीसी पाइप पाच-सात उन्हाळे सोसतो, ठिसूळ होतो आणि एक दिवस सांध्याजवळ तडकतो. थंडीने पाइप फुटणं आपल्याकडे कुणाला माहीत नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर आला होता, तेव्हाही पाइपातलं पाणी गोठायचा प्रश्न नव्हता. त्यासाठी तापमान शून्याच्या बरंच खाली जावं लागतं आणि तिथे काही तास राहावं लागतं.

पण इथल्या कितीतरी घरांतली मुलं आता शिकागो, न्यू जर्सी नाहीतर डॅलसला राहतात. डिसेंबरात ती तीन-चार आठवड्यांसाठी गावी येतात. निघताना आपली लहानपणापासूनची सवय काय? गॅस बंद, मेन स्विच बंद, कुलूप. तिकडच्या हिवाळ्यात हीच सवय महागात पडते.

पाइप फुटतो कसा?

पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं. त्यामुळे बर्फ पाइपाला आतून फाडतो, असं आपल्याला वाटतं. बहुतेक वेळा घडतं ते वेगळं. पाइपात एका जागी बर्फाचं बूच तयार होतं. बूच वाढत जातं, तसं ते आणि बंद तोटी यांच्यामध्ये अडकलेलं पाणी दाबलं जातं. पाण्याला जायला जागा नसल्याने दाब प्रचंड वाढतो आणि पाइप कमकुवत जागी फुटतो. ती जागा बर्फापासून लांबही असू शकते. फुटल्याचं लगेच कळतही नाही, कारण बर्फानेच पाणी अडवलेलं असतं. ऊन पडलं, बर्फ वितळला की घरात धार लागते. घरी कुणी नसेल तर ती दिवसेंदिवस चालू राहते.

तोटी थोडी सोडून ठेवा, असं सांगतात ते याचसाठी. त्या थेंबांमुळे दाब सुटतो.

किती थंडीत धोका?

इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९०च्या दशकात याचे प्रयोग केले. माळ्यावरच्या उघड्या पाइपांसाठी त्यांनी इशाऱ्याचं तापमान ठरवलं ते २० फॅरनहाइट, म्हणजे सुमारे उणे ७ सेल्सिअस. भिंतीच्या फटीतून वारा येत असेल तर धोका आधीच सुरू होतो.

निघण्याआधी काय करायचं?

हीटिंग बंद करू नका. थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या, म्हणजे साधारण १३ सेल्सिअसच्या खाली नेऊ नका. बिल येईल, पण भिजलेली लाकडी जमीन आणि भिंती बदलण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं. त्यात एक मेख आहे. तिथल्या घरविम्याच्या अनेक पॉलिसींत अट असते की घर रिकामं असताना एकतर गरम ठेवलेलं हवं, नाहीतर पाणी बंद करून पाइप रिकामे केलेले हवेत. दोन्ही नसेल तर दावा नाकारला जाऊ शकतो.

स्वतःचं घर असेल तर मेन कॉक बंद करा आणि सगळ्या तोट्या उघडून पाइप रिकामे करा. वॉटर हीटरही सुट्टीच्या सेटिंगवर टाका. मात्र आग विझवायचे स्प्रिंकलर असतील तर त्यांचं पाणी बंद करायचं नसतं, म्हणून हीटिंग तरीही चालूच हवं. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये मेन कॉक आपल्या हातात नसतो. तिथे सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, म्हणजे खोलीतली ऊब पाइपापर्यंत पोहोचते. बाहेरच्या नळाला लावलेली बागेची नळी काढून ठेवा. आणि एक चावी शेजाऱ्याकडे द्या. त्याला मेन कॉक कुठे आहे तेही दाखवा. हे बहुतेकजण विसरतात.

टेक्सासने काय शिकवलं?

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासात हिमवादळ आलं आणि ४० लाखांहून जास्त घरांची वीज गेली. वीज गेली की हीटरही गेले. तिथल्या अनेक घरांत पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून जातात, कारण घरं बांधताना उन्हाळ्याचाच विचार झालेला. पाइप फुटले, शहरांच्या नळयोजनेतला दाब पडला. तेव्हा ह्यूस्टनमध्ये उलट सूचना आली, तोट्या सोडून ठेवू नका. म्हणून तिथलं स्थानिक प्रशासन काय सांगतंय ते आधी बघा.

आपल्या देशात हा अनुभव लडाखला रोजचा. लेहमध्ये हिवाळ्यात अनेक घरं आणि गेस्टहाउस पाइपात पाणी ठेवतच नाहीत, सगळा कारभार बादलीवर.

पाइप गोठलाच तर?

तोटी उघडून पाण्याची बारीकच धार आली, किंवा आलीच नाही, तर पाइप गोठला समजा. तोटी उघडीच ठेवा. हेअर ड्रायरने तोटीच्या बाजूने सुरुवात करून हळूहळू मागे जा, म्हणजे वितळलेल्या पाण्याला बाहेर यायला वाट मिळते. मेणबत्ती, लायटर, टॉर्चची ज्योत अजिबात नको. भिंती लाकडी असतात. पाइपाला चीर दिसली तर आधी मेन कॉक बंद करा आणि मग प्लंबरला फोन लावा.