डिमेन्शिया: देखभाल करणाऱ्यालाही विसावा हवा, कमी खर्चात तो कसा मिळेल?

डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. या आजारात स्मरणशक्ती, विचार करण्याची क्षमता आणि रोजची कामे करण्याची कुवत हळूहळू कमी होत जाते. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासानुसार भारतात 60 वर्षांवरील सुमारे 7.4 टक्के व्यक्तींना, म्हणजे अंदाजे 88 लाख ज्येष्ठांना, डिमेन्शिया आहे. शहरांपेक्षा ग्रामीण भागात हे प्रमाण जास्त आढळले.

यातील बहुतेक रुग्णांची देखभाल घरीच होते आणि तिचा भार बहुधा एकाच व्यक्तीवर पडतो. ती पत्नी असते, सून असते किंवा मुलगी असते. आजार अनेक वर्षे चालतो, त्यामुळे या व्यक्तीची विश्रांती हा रुग्णाच्या उपचाराचाच भाग समजावा.

विसावा म्हणजे नेमके काय?

ठरलेल्या वेळेसाठी दुसऱ्या कोणीतरी रुग्णाची जबाबदारी घेणे आणि नेहमी देखभाल करणाऱ्या व्यक्तीला पूर्ण मोकळीक देणे, म्हणजे विसावा. तो आठवड्यातून चार तासांचा असू शकतो किंवा वर्षातून चार दिवसांचा. त्या वेळेत घरातील इतर कामे उरकणे हा विसावा नव्हे. झोप, स्वतःची तपासणी, माहेरी जाणे, देवदर्शन यासाठी ती वेळ असते.

मुंबई-पुण्यात अशा रुग्णांसाठी दिवसभराची केंद्रे आणि निवासी सेवा आहेत. पारोळ्यासारख्या तालुक्याच्या गावी मात्र विसाव्याची सोय बहुतेक वेळा कुटुंबालाच उभी करावी लागते. नीट आखणी केली तर ती कमी खर्चात होते.

ही लक्षणे दिसली तर थांबू नका

देखभाल करणाऱ्या व्यक्तीमध्ये पुढीलपैकी काही दिसत असेल तर विसावा तातडीने हवा:

- रात्रीची झोप सतत मोडणे, दिवसभर थकवा
- स्वतःच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चुकणे, तपासण्या पुढे ढकलणे
- रुग्णावर वारंवार ओरडणे, हात उगारला जाणे
- कारण नसताना रडू येणे, कशातच मन न लागणे
- "यापेक्षा मेलेले बरे" असे विचार येणे

शेवटचे लक्षण असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला किंवा टेलिमानसच्या 14416 या मोफत क्रमांकावर फोन करा. ही सेवा 24 तास चालते आणि मराठीतही बोलता येते. ती केवळ रुग्णांसाठी नसून तुमच्यासाठीही आहे.

गावात विसावा कसा उभा कराल?

1. दिवस आणि वेळ पक्की करा. "लागेल तेव्हा सांग" असे म्हणणारे नातेवाईक बरेच असतात, पण प्रत्यक्षात मदत होत नाही. "दर रविवारी दुपारी 2 ते 6 तुम्ही बसायचे" असे स्पष्ट ठरवा. कापूस वेचणीच्या हंगामात घरात माणूस मिळत नाही, तेव्हाची सोय आधीच करून ठेवा.

2. रुग्णाला फिरवू नका, माणूस बोलवा. आई-वडिलांना एक महिना एका मुलाकडे, दुसरा महिना दुसऱ्याकडे ठेवण्याची पद्धत अनेक घरांत आहे. डिमेन्शियामध्ये जागा बदलली की गोंधळ, भीती आणि रात्रीचे उठणे वाढू शकते. त्यापेक्षा सुरत, नाशिक किंवा पुण्याला असलेल्या भावाने-बहिणीने रजा काढून रुग्णाच्या घरी येऊन राहावे. ज्यांना येणे शक्य नाही त्यांनी मदतनिसाचा खर्च उचलावा.

3. ओळखीची मदतनीस ठेवा. आठवड्यातून एक-दोनदा अर्ध्या रोजावर येईल अशी शेजारची विश्वासू बाई किंवा माणूस पुरतो. रुग्ण अहिराणी बोलणारा असेल तर अहिराणी येणारी व्यक्तीच निवडा. आजार वाढत जातो तशा नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी विसरल्या जातात. पहिले दोन-तीन वेळा तुम्ही घरातच थांबा, रुग्णाला त्या व्यक्तीची सवय होऊ द्या.

4. एका पानाची चिठ्ठी लिहून ठेवा. औषधांच्या वेळा, जेवण कसे भरवायचे, शौचाला कधी न्यायचे, रुग्ण कशाने चिडतो आणि कशाने शांत होतो (चहा, भजन, अंगणात फेरी), तुमचा व डॉक्टरांचा फोन नंबर, एवढे त्यात असावे. रुग्णाच्या खिशातही नाव आणि फोन नंबर असलेले कार्ड ठेवा. तो घराबाहेर निघून गेला तर 112 वर कळवा.

पैशांची सोय

- श्रावणबाळ योजना: 65 वर्षांवरील पात्र गरजू ज्येष्ठांना दरमहा 1,500 रुपये मिळतात. यातून मदतनिसाचे काही अर्धे रोज निघू शकतात. अर्ज तहसील कार्यालयात करावा.
- मुख्यमंत्री वयोश्री योजना: 2024 मध्ये सुरू झालेल्या या योजनेत 65 वर्षांवरील व वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 2 लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना साहित्यासाठी एकदाच 3,000 रुपयांची तरतूद आहे. कमोड खुर्ची घेतली तर रात्रीची उठबस बरीच कमी होते. सध्याच्या अर्जाची माहिती समाजकल्याण कार्यालयात विचारा.
- आयुष्मान कार्ड: ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. मात्र ते रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे, घरच्या देखभालीसाठी नाही.
- एल्डरलाइन 14567: ज्येष्ठांसाठीची ही मोफत हेल्पलाइन आहे. योजना, वृद्धाश्रम आणि कायदेशीर मार्गदर्शन यांची माहिती मिळते.

काही दिवसांसाठी बाहेर ठेवायचे असेल तर

सगळेच वृद्धाश्रम डिमेन्शियाचे रुग्ण घेत नाहीत. आधी स्वतः जाऊन पाहा आणि विचारा: रात्री जागे कोण असते? दरवाजे सुरक्षित आहेत का? अंथरुणात लघवी झाली तर कोण पाहते? औषधे कोण देते? तब्येत बिघडली तर कोठे नेतात? समाधानकारक उत्तरे मिळाल्यावरच ठेवा, आणि सुरुवात एका दिवसापासून करा.

हे करू नका

- आपल्याला झोप मिळावी म्हणून रुग्णाला मनाने झोपेच्या गोळ्या देऊ नका. त्याने पडणे, हाड मोडणे, गोंधळ वाढणे असे धोके संभवतात.
- रुग्णाला बांधून किंवा एकट्याला कोंडून बाहेर जाऊ नका.
- रुग्ण एक-दोन दिवसांत अचानक जास्त गोंधळला, सुस्त झाला किंवा खूप चिडचिड करू लागला तर "आजार वाढला" असे समजू नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, पाण्याची कमतरता किंवा एखादे नवे औषध हे कारण असू शकते. त्याच दिवशी तपासून घ्या.

"लोक काय म्हणतील?"

सासऱ्यांना किंवा आईला दुसऱ्याकडे सोपवून बाहेर गेल्याबद्दल अनेकींना अपराधी वाटते. पण देखभाल करणारी व्यक्तीच अंथरुणाला खिळली तर घरात दोन रुग्ण होतात. कुटुंबातील पुरुषांनी आणि दूरच्या भावंडांनी हे आधी समजून घ्यायला हवे. रुग्णाच्या पुढच्या तपासणीला येताना देखभाल करणाऱ्या व्यक्तीचेही बीपी, शुगर आणि वजन तपासून घ्या. विसाव्याचा पहिला वार आणि वेळ मात्र याच आठवड्यात घरच्या सर्वांनी मिळून ठरवा.