बायबलवाचन, मराठी ख्रिस्ती समाजातील

बायबलचे वाचन, श्रवण, पाठांतर व अर्थनिरूपण यांना ख्रिस्ती धर्माचरणात प्रार्थनेच्या बरोबरीचे स्थान आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत जुन्या कराराची ३९ व नव्या कराराची २७ अशी एकूण ६६ पुस्तके मानतात. कॅथलिक बायबलमध्ये जुन्या करारात आणखी सात पुस्तके असल्याने ही संख्या ७३ होते. मराठी प्रॉटेस्टंट घरांत या ग्रंथाला ‘पवित्र शास्त्र’ म्हणतात आणि त्यातील स्थळ अध्याय व ओवीने सांगतात. मराठी मुलखात हा ग्रंथ प्रथम ऐकला गेला, पुढे गायला गेला आणि एकट्याने बसून वाचण्याची सवय बरीच उशिरा पडली. भाषांतरांच्या सनावळ्यांतून हा क्रम दिसत नाही, म्हणून प्रस्तुत नोंदीत वाचकांकडे अधिक लक्ष दिले आहे.

पुराणश्रवण : गोव्यात साष्टी भागातील नवख्रिस्ती लोकांसाठी इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांनी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ मध्ये राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिल्या पुराणात विश्वोत्पत्तीपासून तारणाऱ्याच्या प्रतीक्षेपर्यंतचा भाग येतो, दुसऱ्यात येशूचे चरित्र. एकूण ओव्या १०,९६२. जुनी पुराणे वाचायला बंदी झाली, मग आता आम्ही काय वाचावे, असा प्रश्न ग्रंथारंभीच एक श्रोता पाद्रींना विचारतो. ग्रंथाची निकड यापेक्षा नेमकी सांगता येणार नाही. रविवारी व सणांना हे पुराण देवळांत वाचले जाई, अशी माहिती मिळते. हे बायबलचे भाषांतर नव्हे. तरीही कित्येक पिढ्यांना बायबलची कथा कळली ती यातूनच. १६८४ च्या पोर्तुगीज फर्मानाने देशी भाषांवर निर्बंध आले. त्याचा पुराणवाचनावर नेमका किती परिणाम झाला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

मुद्रित भाषांतरे : बंगालमधील श्रीरामपूर येथे मिशनरी विल्यम केरी यांनी पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने मत्तयाचे शुभवर्तमान (१८०५) व नवा करार (१८११) मराठीत आणला. मुंबईच्या अमेरिकन मिशनऱ्यांना ती मराठी आपल्या भागातील लोकांसाठी सोयीची वाटली नाही. त्यांनी स्वतंत्र भाषांतर करून १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला. त्याच वर्षी या कामातले अग्रणी गॉर्डन हॉल नाशिककडच्या प्रवासात पटकीने वारले. संपूर्ण बायबल व त्याच्या पुढच्या सुधारित आवृत्त्या बायबल सोसायटीमार्फत निघाल्या. बाबा पदमनजी (१८३१–१९०६) यांनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. गावात पाळक नसलेल्या वाचकाला अशा टीकेचा मोठाच आधार होता.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) : एका मराठी वाचकाचा बायबलशी झालेला झगडा इतक्या तपशिलाने दुसरीकडे नोंदलेला नाही. रमाबाईंची १९०७ ची साक्ष आणि इंग्लंडमधील वाँटेज येथील जोगीण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार, दोन्ही उपलब्ध आहेत. कलकत्त्यास त्यांना प्रथम संस्कृत बायबल भेट मिळाले. भागवत मुखोद्गत असलेल्या या विदुषीला त्यातली भाषा आणि शिकवण दोन्ही इतकी अनोळखी वाटली, की ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे त्यांचे मत झाले. मात्र पुस्तक त्यांनी टाकून दिले नाही. पुढे सिल्चर येथे घरच्याच पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची लहानशी बंगाली प्रत सापडली आणि ती त्यांनी आवडीने वाचली.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलम येथे पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी जोगिणींनी चालवलेले काम त्यांनी पाहिले. ही माणसे या स्त्रियांवर एवढी माया का करतात, असे विचारल्यावर एका सिस्टरने येशू व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची गोष्ट सांगितली आणि योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. आधी काम दिसले, मग वचन कळले, हा क्रम रमाबाईंनी स्वतःच नोंदवला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतर वाद सुरू झाला. त्रैक्य, कुमारीच्या पोटी जन्म, चर्चचा अधिकार यांविषयी रमाबाई शास्त्रातला आधार मागत राहिल्या. जे शास्त्रात स्पष्ट दिसत नाही ते केवळ धर्मगुरू सांगतात म्हणून मानणार नाही, ही त्यांची भूमिका होती. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसला. पत्रे आज वाचताना दिसते ती एक प्रामाणिक वाचक, जिने एका पुरोहितशाहीतून सुटून दुसरीत शिरायचे नाकारले. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे बाप्तिस्म्यानंतरच्या वर्षांविषयी त्यांनी पुढे लिहिले.

केडगावला आपण काढलेल्या मुक्तिसदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना त्यांनी अक्षरओळख दिली, ती मुख्यतः बायबल हातात धरता यावे म्हणून. प्रचलित मराठी भाषांतर या मुलींना जड जाते असे वाटल्याने त्या स्वतः हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि सोप्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. मुक्ती छापखान्यात खिळे जुळवण्यापासूनची कामे तिथल्या मुली व बायकांनी केली. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि थोड्याच अवधीत बाईंनी प्राण सोडला, असे मुक्तीच्या परंपरेत सांगतात. त्यांचा मृत्यू ५ एप्रिल १९२२ चा. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला. मंडळ्यांच्या उपासनेत मात्र बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले. एकट्या स्त्रीने मूळ भाषांवरून केलेल्या या कामाची योग्यता मराठी वाङ्मयेतिहासांनी पुरेशी ओळखलेली नाही.

ना. वा. टिळक (१८६१–१९१९) : नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनाने ते जागीच खिळले. बाप्तिस्मा १८९५. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी पूर्ण केले.

कीर्तन व घरची उपासना : निरक्षर श्रोत्यांपर्यंत शास्त्र पोचवण्यासाठी अहमदनगरच्या मंडळीत ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पडली, कृष्णा रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात प्रमुख आहे. पूर्वरंगाला वचन, उत्तररंगाला शास्त्रातील आख्यान, साथीला टाळ-मृदंग. मिशनच्या बायबलबाया घरोघर जाऊन बायकांना वाचून दाखवत. घरच्या उपासनेत रात्री जेवणाआधी किंवा नंतर सारे एकत्र बसतात, एक गीत होते, मग अध्याय उघडून प्रत्येकाने एकेक ओवी वाचायची. आजीला वाचता येत नसेल तर तिच्या पाळीला ती पाठ असलेले तेविसावे स्तोत्र म्हणते. तेही वाचनच धरले जाते. मुलांना रविवारच्या शाळेत दर आठवड्याला सुवर्णवचन पाठ करावे लागते. अर्थ नंतर, आधी पाठांतर, ही मराठी मुलखाची जुनीच रीत येथेही टिकली.

कॅथलिक समाज : वसई व मुंबई परिसरातील कॅथलिक घरांत दीर्घकाळ जपमाळ व प्रवचन यांवर भर होता, मिस्सा लॅटिनमध्ये होई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई व्हेर्बुम’ (१८ नोव्हेंबर १९६५) या दस्तऐवजाने शास्त्र सर्व भाविकांना सहज उपलब्ध असावे असे सांगितले आणि चित्र पालटले. रविवारच्या वाचनांचे त्रैवार्षिक चक्र आले: एका वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, योहान मुख्यतः उपवासकाळ व पुनरुत्थानकाळात. पहिली दोन वाचने सामान्य स्त्री-पुरुष वेदीजवळ उभे राहून करू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला (२०१०) २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ख्रिस्ती नसलेल्या वाचकांच्या घरीही ते पोचले.

चिकित्सक अभ्यास : पुण्यातील जेझुइट अभ्यासक जॉर्ज सोआरेस-प्रभू (१९२९–९५) यांनी भारतीय परंपरा व येथील दारिद्र्य समोर ठेवून बायबल वाचण्याची दिशा दाखवली, त्यांचे लेखन इंग्रजीत आहे. ग्रामीण व दलित ख्रिस्ती मंडळ्यांतील अर्थनिरूपण बहुतांशी मौखिक राहिले.

बेने इस्राएल : कोकण व मुंबईतील या मराठीभाषक ज्यू समाजाला मिशनऱ्यांच्या शाळांतून हिब्रू व मराठी जुना करार उपलब्ध झाला. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. १८८० च्या सुमारास या समाजाने जुन्या करारातील कथांवर स्वतःची कीर्तने सुरू केली. ख्रिस्ती मात्र त्यांच्यातले फार थोडे झाले.