खुब्याच्या संधिवातावर शॉकवेव्ह थेरपी: झिजलेला सांधा खरंच भरून येतो का?

‘ऑपरेशन नको, शॉकवेव्ह घ्या’ असं सांगणारे रील्स खुबेदुखीच्या अनेक रुग्णांच्या मोबाइलवर येतात. ही थेरपी बनावट नाही. पण खुब्याच्या प्रत्येक दुखण्याला ती लागू पडत नाही. निदान नीट झालं नाही, तर पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

शॉकवेव्ह म्हणजे काय?

नावात ‘शॉक’ असला तरी हा विजेचा झटका नाही. या जोरदार दाबाच्या ध्वनिलहरी असतात. १९८० मध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहरात अशा लहरींनी पहिल्यांदा रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा चिरफाड न करता फोडण्यात आला. पुढे कमी ताकदीच्या लहरी टाचदुखी, खांदेदुखी, टेनिस एल्बो यांवर वापरात आल्या.

त्वचेवर जेल लावून यंत्राचं टोक दुखऱ्या भागावर टेकवतात. एक सेशन काही मिनिटांचं असतं. साधारण आठवड्याच्या अंतराने ३ ते ५ सेशन देतात.

संधिवातात उपयोग होतो का?

मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत फिरतो, तो खुब्याचा सांधा. दोन्हींवर कूर्चेचं गुळगुळीत अस्तर असतं. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये ते झिजतं. दुखणं बहुतेकदा जांघेत, कधी गुडघ्यातही जाणवतं. मांडी घालून बसणं, मोजे चढवणं अवघड होतं.

झिजलेली कूर्चा शॉकवेव्हने पुन्हा तयार होते, हे रुग्णांमध्ये सिद्ध झालेलं नाही. संधिवातावरचे बहुतेक अभ्यास गुडघ्याचे आहेत. खुबा मात्र स्नायूंच्या जाड थराखाली असतो. ‘रेडियल’ यंत्राच्या लहरींचा जोर वरच्या थरांतच ओसरतो. ‘फोकस्ड’ यंत्राच्या लहरी खोल जातात, पण त्यांनीही कूर्चा भरून येते असा पुरावा नाही.

मग कुणाला फायदा होऊ शकतो?

खुब्याच्या बाहेरच्या बाजूला, त्या कुशीवर झोपल्यावर दुखत असेल, तर त्रास अनेकदा सांध्याचा नसून बाहेरच्या स्नायूबंधांचा असतो. त्यात शॉकवेव्हचा फायदा अभ्यासांत दिसला आहे. हाडाचा रक्तपुरवठा कमी होण्याच्या ‘एव्हीएन’ या आजारातही सुरुवातीच्या टप्प्यात ती वापरली जाते.

कुणी टाळावी?

गर्भवती महिला, रक्त न गोठण्याचा आजार असलेले आणि त्या जागी कॅन्सरची गाठ किंवा जंतुसंसर्ग असलेले रुग्ण यांनी ही थेरपी टाळावी. रक्त पातळ करणारी गोळी किंवा पेसमेकर असेल, तर डॉक्टरांना आधी सांगावं.

आधी काय करावं?

एक्स-रे आणि तपासणीने निदान पक्कं करून घ्यावं. संधिवात असेल, तर मांडी आणि कमरेच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणं हे पहिले उपाय. काठी दुखऱ्या बाजूच्या विरुद्ध हातात धरावी. वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. एवढं करूनही रात्रीची झोप मोडत असेल, चालणं घटत असेल, तर सांधेबदल शस्त्रक्रियेबद्दल ऑर्थोपेडिक सर्जनशी बोलावं.

शॉकवेव्हचं पॅकेज घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: माझं नेमकं निदान काय? यंत्र कुठल्या प्रकारचं आहे? किती सेशननंतर फरक पडला नाही तर थांबायचं?