सुरी मानेवर कुठे फिरवायची?

आठवीच्या वर्गात मी ‘शिकार’ हा शब्द शिकवत होतो. फारसीतून उर्दूत आला आणि मराठीतही असा रुळला की तो बाहेरचा आहे हे सांगावे लागते. मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, शिकार झाल्यावर त्या जनावराचे काय करायचे? वाघ हलाल असतो का?” वर्ग हसला. वाघ, बिबट्या, लांडगा असे सुळ्यांनी शिकार करणारे प्राणी आपल्याकडे हराम आहेत, एवढे सांगून मी पुढे गेलो. पण प्रश्नाचा पहिला भाग माझ्यासोबत घरी आला, कारण शिकार झाल्यावर जनावराचे जे करायचे ते करणे हाच माझ्या नानांचा रोजगार होता.

नाना परतवाड्याचे, म्हणजे मेळघाटच्या पायथ्याचे. स्वातंत्र्यानंतरही साधारण वीस वर्षे परदेशी पाहुण्यांना पैसे घेऊन शिकारीला नेण्याचा धंदा आपल्याकडे चालू होता. जंगलाचा एक ब्लॉक परवान्यावर मिळायचा, तिथे तंबूंचा तळ पडायचा, जाणता शिकारी पाहुण्याला मचाणावर बसवायचा आणि कोरकू हाकारे हाका घालायचे. नाना मचाणावर कधी चढले नाहीत. बंदुकीचा आवाज आला की सुरी घेऊन धावायचे, हे त्यांचे काम.

धावायचे का, हे समजून घेतले पाहिजे. सूरह माइदाच्या सुरुवातीच्या आयतींत शिकारीचे नियम आले आहेत. अल्लाहचे नाव घेऊन सोडलेल्या शिकारी कुत्र्याने धरलेले जनावर चालते, मात्र आघाताने मेलेले चालत नाही. मग बंदूक आली आणि प्रश्न उभा राहिला. गोळी बाणासारखी छेदते, की दगडासारखी आघात करते? हिंदुस्तानातल्या बहुतेक हनफी उलेमांनी तिला आघात मानले. म्हणजे गोळी लागलेल्या सांबराला जीव असेपर्यंत गाठून जिबह केले तरच त्याचे मटण मुसलमानाला चालणार. काही उलेमांचे मत वेगळे होते, पण तळावरच्या खानसाम्याला आणि गाडीवानाला पहिलेच मत माहीत होते.

इथेच पाहुण्याशी गाठ पडायची. पाहुण्याला मटण नको होते, मुंडके हवे होते. सांबराचे किंवा चितळाचे डोके भिंतीवर लावायचे तर खांद्यापर्यंतचे कातडे अखंड लागते. ते काढताना चीर मानेच्या मागच्या बाजूने देतात, कारण गळ्याची बाजू पाहणाऱ्यासमोर येते. तिथेच जबड्याखाली आडवी सुरी फिरली की मुंडके बिघडले. इंग्रज शिकाऱ्यांच्या पुस्तकांत यावर तक्रारी आहेत आणि सूचनाही, की मुसलमान नोकरांना छातीजवळ, शक्य तितक्या खाली कापायला लावा.

मजेची गोष्ट अशी की आपल्या फिकहलाही हे मान्य आहे. जिबहची जागा जबड्यापासून छातीच्या वरच्या खळगीपर्यंत सांगितलेली आहे. श्वासनलिका, अन्ननलिका आणि रक्तवाहिन्या नीट कापल्या गेल्या की झाले. पण जबड्याखालीच कापायची सवय असलेल्यांना खालचा काप संशयास्पद वाटे. नाना खाली कापायचे. त्यामुळे दीन राहायचा आणि मुंडकेही राहायचे.

नंतरचे काम वेळेशी झुंजण्याचे. आपल्याकडच्या उन्हात पोट लगेच फाडले नाही तर मटण फुगते आणि कातडे लवकर सोलायला घेतले नाही तर केस सुटू लागतात. सोललेल्या कातड्याची चरबी खरवडायची, कान उलटे करायचे, ओठ आतून चिरायचे, मीठ आणि तुरटी चोळायची आणि सावलीत वाळवायचे. उन्हात टाकले की वाया गेले. मग ते म्हैसूरला जायचे. तिथल्या व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात १९९९ पर्यंत हे काम चालले, आणि वाघ-बिबटे मिळून ४३ हजारांच्या वर जनावरे तिथून भरून बाहेर पडली. त्याआधी अनेक मुंडकी लंडनला रोलंड वॉर्डकडे जात. १८९२ पासून त्याच्या पुस्तकात शिंगांची मापे छापली जाऊ लागली, कुणी कुठे मारले त्या नावांसकट.

मटणाची नोंद मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. मोठा सांबर दोन-अडीचशे किलोचा. तंबूत थोडे जायचे, बाकीचे तेंदूच्या पानांवर वाटे घालून वाटले जायचे. उरलेल्याच्या पट्ट्या धुरावर सुकवायच्या. नीलगाय पडली तर नावातल्या ‘गाय’मुळे अनेक हिंदू हात लावत नसत. वाघ पडला तर राखण बसवावी लागे, कारण मिशा, नखे आणि खांद्यातली ती छोटी सुटी हाडे ताईतासाठी गायब होत, आणि चरबी संधिवातावर चोळायला जाई.

खाला एक आठवण सांगते. एकदा तळावर आठ दिवस मटण नव्हते. सांबर पडला, नाना धावले, पण उशीर झाला होता. शिकाऱ्याने खूण केली की फिरव सुरी, कोण बघतंय? सगळी माणसे आशेने पाहत होती. नानांनी सांबराच्या डोळ्याला बोट लावून पाहिले. पापणी हलली नाही. “जान गेली,” म्हणाले आणि सुरी पुसून ठेवली. त्या रात्री कोरकूंच्या शेकोटीवर मटण शिजले आणि तळावरच्या मुसलमानांनी डाळ-रोटी खाल्ली. काहीजण नानांशी दोन दिवस बोलले नाहीत. सगळ्यांत खूश पाहुणा होता, कारण त्याच्या मुंडक्याला सुरीच लागली नव्हती.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. नानांचा रोजगार गेला. जंगलासाठी ते बरेच झाले, हे नानाही मान्य करत. आज शिकारीचा विषय निघाला की लोकांच्या डोळ्यांपुढे नवाब येतो, नाहीतर साहेब. सुरीवाला कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. मला नानांचा अभिमान वाटावा की संकोच, हे माझे अजून ठरलेले नाही. किती जनावरे त्यांच्या हातून गेली असतील! पण कुणी बघत नसताना सुरी पुसून ठेवणारा हातही तोच होता.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तीन रकाने आखले. मुंडके पाहुण्याचे, कातडे म्हैसूरला, मटण गावाला. त्याच मुलाने विचारले, “आणि सर, तुमच्या नानांना काय मिळायचं?”

“मजुरी आणि मटणाचा एक वाटा,” मी म्हणालो, “जनावर जिवंत सापडलं तर.”