उघडी दारे शोधणारी मोफत अवजारे

कार्यालयातील संगणकांचे जाळे सांभाळणाऱ्या व्यवस्थापकाला एक प्रश्न नेहमी सतावतो : आपल्या नकळत कोणते दार उघडे राहिले आहे? इंटरनेटवरील टीसीपी पद्धतीत प्रत्येक संगणकाला ० ते ६५,५३५ अशा क्रमांकांची दारे असतात. त्यांना 'पोर्ट' म्हणतात. संकेतस्थळांचा व्यवहार सहसा ८० आणि ४४३ या दारांतून चालतो, तर दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी २२ क्रमांक वापरतात. बाकीची बहुतेक दारे बंद असावीत, ही अपेक्षा. प्रत्यक्षात कोणीतरी चाचणीपुरता सुरू केलेला डेटाबेस किंवा जुन्या प्रिंटरमधील टेलनेट तसाच चालू राहतो आणि कालांतराने त्याचा सर्वांनाच विसर पडतो.

अशी दारे शोधण्यासाठी जगभर वापरले जाणारे अवजार म्हणजे 'एनमॅप'. 'फ्योदोर' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या गॉर्डन लायन यांनी ते सप्टेंबर १९९७ मध्ये 'फ्रॅक' या नियतकालिकातून मूळ संहितेसह प्रसिद्ध केले. त्याची रीत साधी आहे. प्रत्येक पोर्टकडे जोडणीची विनंती पाठवायची. होकार आला तर दार उघडे, स्पष्ट नकार आला तर बंद आणि काहीच उत्तर आले नाही, तर मध्ये बहुधा फायरवॉल उभी आहे, असे समजायचे. होकार मिळताच जोडणी पूर्ण न करता एनमॅप मागे फिरते. कडी वाजवून पळणाऱ्या मुलासारखाच हा प्रकार! उत्तराच्या ढंगावरून समोर कोणती कार्यप्रणाली आहे, याचाही अंदाज ते बांधते. २००३ च्या 'द मेट्रिक्स रीलोडेड' या चित्रपटातही ते पडद्यावर झळकले. अर्थात तेथे त्याचा उपयोग घुसखोरीसाठी होता.

चोर आणि पहारेकरी दोघांच्याही हाती एकच अवजार, हा आक्षेप त्याहून जुना आहे. डॅन फार्मर व वित्से वेनेमा यांनी १९९५ मध्ये 'सेटन' हे तपासणीचे सॉफ्टवेअर खुले केले, तेव्हा मोठे वादळ उठले होते. 'सैतान' असा अर्थ होणारे हे नाव ज्यांना खटकेल त्यांच्यासाठी ते बदलून 'सांता' करणारी छोटी आज्ञावलीही सोबत देण्यात आली होती. चोराला मिळणारी माहिती घरमालकाला आधी मिळावी, ही त्यामागची भूमिका आज सर्वमान्य झाली आहे. मात्र घर आपले असले पाहिजे. भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ नुसार दुसऱ्याच्या संगणकात वा जाळ्यात विनापरवानगी प्रवेश केल्यास भरपाई द्यावी लागू शकते. त्यामुळे अशी तपासणी करण्यापूर्वी मालकाची लेखी संमती घेणे शहाणपणाचे.

तारेतून जाणारी माहिती उलगडून दाखविणारे 'वायरशार्क' जेराल्ड कोम्ब्स यांनी १९९८ मध्ये 'इथेरियल' या नावाने सुरू केले. आजचे नाव २००६ चे. टेलनेटवर टाइप केलेला पासवर्ड त्यात अक्षरशः वाचता येतो. हे दृश्य एकदा वरिष्ठांना दाखविले की टेलनेट बंद करण्यासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागत नाही. त्याला पर्याय असलेले 'ओपनएसएसएच' १९९९ मध्ये ओपनबीएसडी प्रकल्पातून आले. येणाऱ्या-जाणाऱ्या माहितीत हल्ल्याच्या ओळखीच्या खुणा शोधणारे 'स्नॉर्ट' हे मार्टिन रोश यांचे.

मोफत मिळणे आणि खुले असणे या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रणेतील ज्ञात त्रुटी शोधणाऱ्या 'नेसस'ची संहिता १९९८ पासून खुली होती. २००५ मध्ये नव्या आवृत्तीपासून ती बंद झाली. खुल्या परवान्याखालील जुनी संहिता परत घेता येत नसल्याने इतरांनी तीच पुढे नेऊन 'ओपनव्हास' उभे केले. खुल्या परवान्याचे मोल अशा वेळी कळते.

संहिता खुली आहे म्हणून ती कोणी वाचतेच, असे नाही. 'ओपनएसएसएल'मधील 'हार्टब्लीड' ही त्रुटी २०१२ पासून सर्वांसमोर असूनही एप्रिल २०१४ मध्ये जाहीर झाली. मार्च २०२४ मधील प्रकार त्याहून गंभीर होता. 'एक्सझेड' या फायली आकुंचित करणाऱ्या संचात एका सहयोग्याने दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून चोरवाट पेरली. तिचे लक्ष्य ओपनएसएसएच हेच होते. लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या शंकेचा पाठपुरावा करताना अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला ती सापडली. तोवर बाधित आवृत्त्या प्रामुख्याने काही लिनक्स वितरणांच्या चाचणी टप्प्यापर्यंतच पोहोचल्या होत्या.