घरापुढील काँक्रीट आणि आपली हवा

इतिहासाच्या व्याख्यानाला येताना लढाया, तह आणि गादीचे तंटे यांची अपेक्षा ठेवून यावे, हा आपल्याकडील रिवाज आहे. घराच्या फाटकापासून ओसरीपर्यंत मोटार आत नेण्यासाठी घातलेल्या पंधरा-वीस हात काँक्रीटला इतिहास तो कसला, असे कोणी विचारले तर त्याला नावे ठेवता येणार नाहीत. परंतु आपल्यापैकी ज्यांनी अलीकडे घर बांधले, त्यांच्या खिशाशी या प्रश्नाची गाठ आहे. पट्टा घातला जातो, वास्तुशांतीच्या दिवशी तो आरशासारखा दिसतो, आणि दुसरा पावसाळा सरतो न सरतो तोच त्याच्या मधोमध नागमोडी भेग उमटते. मग गवंडी सिमेंटकडे बोट दाखवितो, दुकानदार वाळूकडे, आणि घरमालक आपल्या नशिबाकडे.

आमच्या मते या भेगेचे मूळ एका समजुतीत आहे. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवले की दगड तयार होतो, आणि दगड काय, अमेरिकेत आणि अमरावतीत सारखाच, अशी ती समजूत. ज्या देशांत या कामाचा पाया घातला गेला तेथील लोकांनी पुष्कळ पैसा घालवून ती सोडली. प्रत्येक हवेत काँक्रीटचा शत्रू वेगळा असतो, हे त्यांना चाळीस-पन्नास वर्षांत कळले. आपला शत्रू कोणता, याचा विचार आपल्या घरापुढे अजून व्हावयाचा आहे.

सिमेंट येण्यापूर्वी आपल्याकडे असले काम होत नव्हते असे कोणी मानू नये. वाड्यांच्या गच्च्या आणि जमिनी कोब्याच्या असत. चुनखडी भाजून, विरवून, भिजत ठेवून तो चुना बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळीत. त्यात भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी घालीत. मग विटांचे किंवा दगडाचे बारीक तुकडे मिसळून तो थर पसरीत आणि लाकडी थाप्यांनी ठोकीत. हे ठोकणे तासाचे काम नव्हे. बाया ओळीने बसत आणि दिवसच्या दिवस ठोकीत, मध्येच गुळाचे, बेलफळाचे किंवा हिरड्याचे पाणी शिंपीत, आणि थापीचा वळ उमटेनासा झाला म्हणजे हात थांबवीत. त्यानंतरही कोबा पुष्कळ दिवस ओला ठेवीत. सुरखी चुन्याशी सावकाश संयोग पावते आणि त्याला पाणी लागते, हे शास्त्र त्या बायांना कोणी शिकविले नव्हते. पण घाई केलेला कोबा फुटतो, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते. रोमन लोक पुत्झोली गावाजवळची ज्वालामुखीची राख चुन्यात घालीत, तिचा गुणही हाच. राखेला ‘पोत्झोलाना’ हे नाव त्या गावावरूनच पडले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

युरोपात जॉन स्मीटन याने १७५६ ते १७५९ या काळात एडिस्टनचे दीपगृह बांधताना पाण्यात घट्ट होणाऱ्या चुन्याचा शोध घेतला, आणि लीड्सचा गवंडी जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये ‘पोर्टलंड सिमेंट’ या नावाने आपल्या कृतीचे पेटंट घेतले. पोर्टलंडच्या दगडासारखे दिसते म्हणून हे नाव. येथपर्यंतची हकीकत सर्व पुस्तकांत सापडते. आमचा विषय सुरू होतो तो यानंतर, जेव्हा कोणीतरी हे सिमेंट उघड्या रस्त्यावर, ऊन-पावसात घालण्याचे धाडस केले तेव्हा.

ते धाडस अमेरिकेच्या ओहायओ राज्यातील बेलफॉन्टेन या लहानशा गावी झाले. तेथील न्यायकचेरीच्या चौकात आसपासचे शेतकरी आपली घोडी बांधीत, आणि पावसाळी दिवसांत त्या जागेचा चिखल होई. जॉर्ज बार्थोलोम्यू नावाच्या गृहस्थाने जवळच्या चुनखडीच्या मातीपासून सिमेंट करण्याचा उद्योग चालविला होता. त्याने गावाच्या सभेपुढे सांगितले की, या जागी मी दगडासारखी फरसबंदी करून देतो. सभेतील मंडळी हुशार. त्यांनी १८९१ मध्ये फक्त आठ फूट रुंदीचा एक पट्टा करून पाहू दिला. तो टिकला, तेव्हा १८९३ मध्ये कचेरीलगतचा कोर्ट ॲव्हेन्यू हा रस्ता करण्यास अनुमती मिळाली. पण अट अशी की, सामान त्याने पदरचे घालावे आणि रस्ता पाच वर्षे टिकेल याबद्दल पाच हजार डॉलरचे हमीपत्र लिहून द्यावे. बार्थोलोम्यूने ते दिले. त्या रस्त्याचे काँक्रीट आजही तेथे पाहावयास मिळते.

आमच्याकडील ठेकेदारांना ही गोष्ट सांगितली तर ते हसतील, अशी शंका काहींच्या मनात येईल. परंतु १९७० च्या दशकात पुण्याचा जंगली महाराज रस्ता दहा वर्षांच्या हमीवर झाला आणि तो त्याहून पुष्कळ अधिक टिकला, हे पुणेकरांना तोंडपाठ आहे. तो रस्ता डांबराचा, हे खरे; तरी हमी देणारा मनुष्य तळातील कामाकडे निराळ्या नजरेने पाहतो, हा नियम डांबराला आणि सिमेंटला सारखाच लागू आहे.

बेलफॉन्टेनच्या रस्त्यावर पाच-पाच फुटांचे चौकोन पाडलेले होते. घोड्यांचे खूर घसरू नयेत हा त्यामागील हेतू. पण त्यात नकळत दुसराही लाभ होता. काँक्रीट वाळताना आकसते आणि थंडीने आणखी आकसते. लांबलचक सलग पट्टा आकसू लागला की खालची जमीन त्याला धरून ठेवते आणि मग तो मनाला येईल तेथे फाटतो. लहान चौकोन असले म्हणजे भेग रेघेतच पडते आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. घोडी गेली, मोटारी आल्या; १९०९ मध्ये डेट्रॉइटच्या वुडवर्ड ॲव्हेन्यूचा एक मैल काँक्रीटचा झाला, आणि लोक चौकोनांचे महत्त्व विसरले. ते त्यांना पुढे भेगा मोजून पुन्हा शिकावे लागले. १९२० नंतर इलिनॉय राज्यात बेट्स येथे मुद्दाम एक परीक्षेचा रस्ता बांधून त्यावर भरलेल्या लष्करी ट्रका फिरविल्या, तेव्हा असे दिसले की काँक्रीट प्रथम कडेला आणि कोपऱ्यात मोडते. तोवर लोक मध्य जाड आणि कडा पातळ ठेवीत होते!

याच सुमारास, १९१८ मध्ये, शिकागोचे डफ एब्रम्स यांनी हजारो नमुने फोडून एक साधे सत्य मांडले: काँक्रीटची ताकद मुख्यतः सिमेंटच्या मानाने पाणी किती, यावर ठरते. पाणी वाढले की मिश्रण सैल आणि हाताळण्यास सोपे होते, पण जास्तीचे पाणी उडून गेल्यावर त्याच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात. पन्नास किलोच्या पोत्याला सुमारे पंचवीस लिटर पाणी पुरे, आणि त्यातच ओल्या वाळूतील पाणी धरावयाचे. आपल्या गल्लीत रबरी नळी तोंडाशी धरून ‘जरा पातळ कर रे’ म्हणणारा मुकादम एब्रम्सच्या साऱ्या परिश्रमावर एका मिनिटात पाणी ओततो.

एवढे शिकूनही उत्तर अमेरिकेतील लोकांचे रस्ते आणि घरांपुढील पट्टे हिवाळ्यात सोलून निघत. पाणी गोठले की त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. काँक्रीटच्या छिद्रांतील पाणी दर रात्री गोठे, दिवसा वितळे, आणि वरचा पापुद्रा सुटे. बर्फ वितळविण्यासाठी मीठ टाकू लागल्यावर तर दुखणे वाढले, आणि मोटारीच्या चाकांबरोबर ते मीठ घरोघरच्या फाटकात शिरले. याचा उतारा सापडला तो अवचित. १९३० नंतरच्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील काही रस्ते इतरांपेक्षा चांगले राहिल्याचे आढळले. चौकशीअंती कळले की त्यांतील सिमेंट दळताना जनावराची चरबी घातलेली होती. (आपल्याला येथे १८५७ च्या काडतुसांची आठवण होणे साहजिक आहे, पुढे चरबीची जागा राळेने आणि इतर द्रव्यांनी घेतली.) त्या चरबीमुळे काँक्रीटमध्ये डोळ्यांना न दिसणारे हवेचे असंख्य बुडबुडे राहिले होते, आणि गोठणाऱ्या पाण्याला तेथे जागा मिळत होती. तेव्हापासून थंड मुलखात घरापुढील काँक्रीटमध्ये पाच ते आठ टक्के हवा मुद्दाम ठेवतात. तेथील हवेने तेथील लोकांना शिकविलेला हा धडा आहे. लडाख-काश्मीर सोडले तर आपल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. नागपूरचे काँक्रीट गोठून फुटत नाही.

मग आपले काँक्रीट कशाने फुटते? आपल्याकडे १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला, १९३६ मध्ये अनेक कंपन्या मिळून ‘ए.सी.सी.’ झाली, आणि १९४० च्या सुमारास मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा काँक्रीटचा रस्ता तयार झाला. तो बांधणाऱ्यांत पालनजी मिस्त्री यांच्याबरोबर रत्नागिरीच्या भागोजीशेठ कीर यांचे नाव घेतले जाते. १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभारणारे ते हेच. त्या रस्त्याने कित्येक दशके वाहतूक सोसली. त्याचा दाखला देऊन ‘काँक्रीट म्हणजे जन्माचे काम’ असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण मुंबईच्या समुद्राकाठी हवा दमट, दिवसाच्या आणि रात्रीच्या उष्णतेत फरक थोडा. तेच काम पुण्यास मार्च-एप्रिलमध्ये केले तर दुपार आणि पहाट यांत पंधरा-वीस अंशांचे अंतर असते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. दहा मीटर लांबीचा पट्टा वीस अंश निवला तर सुमारे दोन मिलिमीटर आखडतो. वाळण्याने त्यात आणखी काही मिलिमीटरांची भर पडते. दुपारी घातलेला पट्टा पहाटेपर्यंत कच्चाच असतो, आणि त्या रात्रीच त्याची फाटण्याची तयारी झालेली असते. दर अडीच-तीन मीटरवर, जाडीच्या चौथाईइतकी खोल रेघ त्याच दिवशी पाडली असती तर पुढचा बोभाटा टळला असता.

त्याहून घातक असतात ते पहिले काही तास. ऊन, कोरडी हवा आणि वारा एकत्र आले की दर चौरस मीटरमागे ताशी लिटरभर पाणीसुद्धा उडून जाऊ शकते, आणि खालून पाणी वर यावयाच्या आत वरची साय ताणून फाटते. थंड देशातील काँक्रीट पुढच्या हिवाळ्यांत मरते. आपले काँक्रीट जन्मल्या दिवशीच मार खाते.

दुसरा शत्रू पायाखाली आहे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर खोल भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. अशा मातीवर चार इंच काँक्रीट घालणे म्हणजे श्वास घेणाऱ्या पोटावर पाटा ठेवणे होय. ती माती काढून मुरूम थराथराने पाणी मारून धुमसावा लागतो, आणि पाणी घराकडे न जाता बाहेर जाईल असा, शंभरास दोन तरी, ढाळ द्यावा लागतो. कोकणात जमीन बरी, पण पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटरांचा. तेथे गुळगुळीत काँक्रीटवर शेवाळ धरते आणि घरातील म्हातारी माणसे पडतात, म्हणून ओल्या पृष्ठावर खराटा ओढून ते खरबरीत ठेवावे. सबंध अंगण झाकून टाकण्याचा हव्यास मात्र आम्हांस पसंत नाही. ते पाणी शेजाऱ्याच्या दारात जाते आणि आपली विहीर कोरडी राहते. मोटारीची दोन चाके जातील एवढे दोन पट्टे पुष्कळ.

आता त्या राखेकडे वळू. आज बाजारात मिळणारे पुष्कळसे सिमेंट निव्वळ पोर्टलंड नसते. त्यात कोराडी, चंद्रपूर, परळी यांसारख्या औष्णिक वीजकेंद्रांत निघते तसली कोळशाची बारीक राख असते. भारतीय मानकाप्रमाणे ती पंधरापासून पस्तीस टक्क्यांपर्यंत चालते. ही राख गुणाने सुरखीचीच बहीण. ती सावकाश पकते आणि तिला ओल फार दिवस लागते. म्हणूनच मानकाने उष्ण, कोरड्या हवेत साध्या सिमेंटला दहा आणि राखेच्या सिमेंटला चौदा दिवस पाणी सांगितले आहे. सिमेंट पुन्हा कोब्याच्या वाटेला आले, पण कोब्याच्या बायांचा धीर मात्र परत आला नाही. तिसऱ्या दिवशी आळी मोडतात, गोणपाट उचलतात आणि चौथ्या दिवशी विटांचा ट्रॅक्टर त्यावरून आत येतो.

पाणी कोणी मारावयाचे, हा प्रश्न बहुधा ठरावातच नसतो. गवंडी काम उरकून दुसऱ्या घरी गेलेला असतो, मालक नोकरीवर, आणि नळाला पाणी सकाळी तासभर. कोकणात पाऊस सरला की, दिवाळीच्या मागेपुढे, चोपण्याने अंगण चोपून सारवून खळे करण्याची चाल आहे. काँक्रीटलाही तोच काळ सोयीचा: ऊन सौम्य, विहिरीला पाणी, आणि मुरूम बसलेला. त्या वेळी काम धरावे, सकाळी लवकर आटोपावे, आणि चौदा दिवसांच्या पाण्याची मजुरी ठेक्यात वेगळी लिहून ती पंधराव्या दिवशी द्यावी.