समीक्षेच्या अंकातून उभे राहिलेले कोमिके

तोक्योतले ‘कॉमिक मार्केट’, म्हणजे चाहत्यांच्या तोंडी ‘कोमिके’, आज जगाला ठाऊक आहे ते गर्दीमुळे. २०१९च्या डिसेंबरात चार दिवसांत तिथे साडेसात लाखांची उपस्थिती नोंदली गेली. चाहत्यांनी पदरमोड करून छापलेली चित्रकथांची पुस्तके, कादंबरिका, चित्रसंग्रह यांची एवढी मोठी उलाढाल दुसरीकडे कुठे होत नाही. पण हे संमेलन सुरू केले ते समीक्षा लिहिणाऱ्या तरुणांनी, आणि सुरू करण्यामागचे कारणही समीक्षाच होते. मांगा (जपानी चित्रकथा) आणि ॲनिमे (जपानी सचेतपट) यांच्यावर मनापासून प्रेम करायचे आणि त्यांचा तत्त्वज्ञानाच्या अंगाने कठोर विचारही करायचा, ही चाहत्यांची परंपरा जपानमध्ये रुजली, त्यात या संस्थेचा वाटा फार मोठा आहे. २०२५च्या डिसेंबरात तिला पन्नास वर्षे पूर्ण झाली.

नाकारलेला प्रवेश

कोमिकेच्या आधीचा काळ पाहिला तर १९६७ हे साल महत्त्वाचे ठरते. मांगाकार तेझुका ओसामु यांच्या मुशी प्रॉडक्शनने त्या वर्षी ‘कॉम’ हे मासिक काढले. त्यातल्या वाचकांच्या विभागाने देशभर विखुरलेल्या हौशी मंडळांना एकमेकांशी जोडले. त्याच वर्षी इशिको जुन्झो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मांगा शुगी’ हे केवळ मांगासमीक्षेला वाहिलेले अनियतकालिक सुरू केले. १९७१च्या अखेरीस ‘कॉम’ थांबले आणि हौशी मंडळांचा आधार गेला. १९७२पासून भरणाऱ्या ‘निहोन मांगा ताइकाई’ या वार्षिक संमेलनाने ती पोकळी काही अंशी भरून काढली.

पण १९७५ साली या संमेलनावर टीका करणाऱ्या एका चाहतीला तिथे भाग घेऊ दिला गेला नाही. ज्या कलेवर आपण जीव टाकतो तिच्याच उत्सवात प्रश्न विचारणाऱ्याला दार बंद होते, हे काही तरुणांना सहन झाले नाही. ‘मेइक्यू’ या समीक्षामंडळातले हे तरुण. हारादा तेरुओ, आनिवा जुन आणि मेइजी विद्यापीठात शिकणारे योनेझावा योशिहिरो ही त्यांतली प्रमुख नावे. मंडळाचे मुखपत्र होते ‘मांगा शिन हिह्यो ताइकेई’. निषेध नोंदवून ते थांबले नाहीत. कोणालाही केवळ मतासाठी बाहेर काढले जाणार नाही, अशी जागा आपणच उभी करायची, असे त्यांनी ठरवले.

या मंडळाचे लेखनही नव्या वळणाचे होते. आधीचे अनेक समीक्षक चित्रकला, चित्रपट किंवा राजकीय चळवळीतून मांगाकडे आले होते. मेइक्यूची पिढी मांगा वाचतच लहानाची मोठी झालेली. ‘या कृतीने समाजाचे काय दाखवले’ याच्या जोडीला ‘या कृतीने मला काय केले’ हा प्रश्न त्यांनी समीक्षेत आणला. हागिओ मोतो, ताकेमिया केइको, ओशिमा युमिको यांच्या मुलींसाठीच्या मांगा तेव्हा गंभीर चर्चेच्या वर्तुळाबाहेर होत्या. मेइक्यूने त्या केंद्रस्थानी आणल्या. हागिओंच्या ‘पो नो इचिझोकू’चे विडंबनही त्यांच्या मुखपत्रात आले. मूळ कृतीची शैली कशी घडली हे नेमके कळल्याशिवाय असे विडंबन जमत नाही. म्हणजे तीही समीक्षाच होती.

सगळेच सहभागी

२१ डिसेंबर १९७५ रोजी तोरानोमोनमधल्या अग्निशमन भवनातल्या बैठकीच्या खोलीत पहिले कॉमिक मार्केट भरले. ३२ मंडळे आली आणि सुमारे ७०० माणसे. त्यांत शाळकरी मुलींची संख्या सर्वांत मोठी होती. संयोजकांनी तेव्हा धरलेले तत्त्व आजही टिकून आहे: इथे ग्राहक कोणी नाही. टेबलामागे बसलेला, टेबलापुढे उभा असलेला आणि रांग लावणारा स्वयंसेवक, सगळेच सहभागी. समीक्षेच्या दृष्टीने या तत्त्वाचे मोल फार आहे. लिहिणारा आणि वाचणारा एकाच पातळीवर आले की मत मांडायला पदवी किंवा संपादकाची शिफारस लागत नाही. लागतो तो युक्तिवाद, आणि तो ऐकून घेणारा माणूस समोरच असतो.

ॲनिमेचे चाहते इथे मोठ्या संख्येने आले ते ‘उचू सेन्कान यामातो’मुळे. १९७४ साली दूरचित्रवाणीवर आलेली ही मालिका प्रेक्षकसंख्येअभावी ठरल्यापेक्षा लवकर, २६ भागांतच संपवावी लागली. चाहत्यांनी ती विसरू दिली नाही. १९७७च्या उन्हाळ्यात तिचा संकलित चित्रपट आला आणि त्याला प्रचंड गर्दी झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या ‘आउट’ मासिकाने दुसऱ्याच अंकात यामातोवर विशेष विभाग काढला. १९७८मध्ये ‘ॲनिमेज’ हे मासिक आले, १९७९मध्ये ‘किदो सेन्शी गंडम’ ही मालिका. घरोघरी व्हिडिओ रेकॉर्डर नसण्याचा तो काळ. मालिका एकदा दिसली की गेली. अशा वेळी भागांच्या याद्या करणे, कोणता भाग कोणी दिग्दर्शित केला आणि कोणत्या प्रसंगाचे रेखाटन कोणाचे हे टिपून ठेवणे, ही कामे चाहत्यांनी केली. ॲनिमेसमीक्षेचा पाया या चिकाटीच्या नोंदींनी घातला.

दोन वाटा

१९८० साली योनेझावा कोमिकेचे प्रमुख झाले. त्याच सुमारास त्यांची युद्धोत्तर मांगाच्या इतिहासावरची पुस्तके येऊ लागली: मुलींच्या मांगावर, विज्ञानकथांवर आणि मग विनोदी मांगावर. आनिवांनी दुसरी वाट धरली. केवळ स्वतंत्र निर्मितीला वाव देणारे ‘एमजीएम’ हे लहान संमेलन त्यांनी सुरू केले. दर्जाचा आग्रह धरायचा की दार सताड उघडे ठेवायचे, हा पेच खरा होता आणि दोन्ही बाजूंना तत्त्वाचा आधार होता. योनेझावांनी दार उघडे ठेवले. संस्थेने निवड करायची नाही, जागा द्यायची. निवाडा वाचकांनी आणि समीक्षकांनी करायचा. माझ्या मते कोमिकेच्या इतिहासातला हाच सर्वांत दूरगामी निर्णय. त्यामुळेच कवायतीसारखी एकसुरी समीक्षा इथे कधी रुजली नाही.

या भूमिकेची परीक्षाही झाली. १९८९मध्ये लहान मुलींच्या हत्यांप्रकरणी एका तरुणाला अटक झाली आणि वृत्तमाध्यमांनी साऱ्या ‘ओताकूं’ना, म्हणजे मांगा-ॲनिमेच्या कट्टर चाहत्यांना, संशयाच्या पिंजऱ्यात उभे केले. १९९१मध्ये अश्लीलतेच्या प्रश्नावरून माकुहारी मेस्से या प्रदर्शन-केंद्राची जागा नाकारली गेली आणि कोमिकेला हारुमीच्या आधीच्या जागी परतावे लागले. याच काळात चाहत्यांच्या जगातून आलेल्या लेखकांनी सिद्धान्ताची भाषा घडवली. संपादक आणि समीक्षक ओत्सुका एइजी यांचे ‘मोनोगातारी शोहिरोन’ १९८९चे. चॉकलेटबरोबर मिळणारे ‘बिक्कुरिमान’चे स्टिकर मुले का जमवतात, या प्रश्नापासून ते सुरुवात करतात. एकेक स्टिकर म्हणजे एका मोठ्या, न दिसणाऱ्या कथेचा तुकडा. मुले त्या कथेच्या शोधात असतात आणि तुकडे जमले की आपली कथा रचू लागतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कोमिकेतल्या हजारो टेबलांवर जे चालले होते त्याचे हे तात्त्विक स्पष्टीकरण होते.

तत्त्वज्ञ टेबलामागे

१९९५च्या ऑक्टोबरात ‘शिन सेइकी एव्हांगेलियन’ सुरू झाले. तोक्योच्या भुयारी रेल्वेतल्या सारिन हल्ल्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. मालिकेच्या अखेरच्या भागांत कथा बाजूला पडते आणि एका मुलाच्या मनाची उलटतपासणी सुरू होते. त्यावर वर्षानुवर्षे लिहिले गेले. लिहिणाऱ्यांत फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा यांचे अभ्यासक आझुमा हिरोकी होते. देरिदांवरचा त्यांचा ग्रंथ १९९८चा, आणि ‘दोबुत्सुका सुरु पोस्तोमोदान’ २००१चा. ओत्सुकांचा धागा त्यांनी पुढे नेला आणि उलटवलाही. आता मोठी कथाच उरली नाही, असे ते म्हणतात. मांजराचे कान, घंटा, मोलकरणीचा पोशाख अशा सुट्या घटकांचा एक साठा असतो आणि चाहता त्या साठ्यालाच प्रतिसाद देतो. दुकानाची जाहिरात म्हणून जन्मलेल्या ‘दी जी चारात’ या पात्राच्या उदाहरणाने त्यांनी हे उलगडून दाखवले आणि त्याची सांगड तत्त्वज्ञ कोजेव्ह यांच्या इतिहासान्ताच्या विचाराशी घातली. हेच आझुमा २००४ साली स्वप्रकाशित ‘बिशोजो गेमु नो रिन्काइतेन’ हा समीक्षासंग्रह घेऊन कोमिकेत आले. मान्यताप्राप्त तत्त्वज्ञाला इथे टेबल घ्यावेसे वाटले, यात या जागेची प्रतिष्ठा दिसते.

समीक्षेची पुढची शाखा २००२मध्ये फुटली. ओत्सुकांच्या आवाहनातून ‘बुंगाकु फ्रीमा’ हा साहित्याचा खुला बाजार त्या वर्षीच्या ३ नोव्हेंबरला प्रथम भरला. टेबलांची पद्धत कोमिकेचीच. चाहत्यांच्या समीक्षा-अनियतकालिकांना तिथे नवे घर मिळाले. उनो त्सुनेहिरो यांनी २००५मध्ये ‘प्लॅनेट्स’ सुरू केले ते याच स्वप्रकाशनाच्या परंपरेत, आणि २००८च्या ‘झेरो-नेन्दाइ नो सोझोर्योकु’ या पुस्तकात थेट आझुमांच्या पिढीलाच आव्हान दिले. एव्हांगेलियनमधली माघार घेणारी मनोवृत्ती मागे पडली. ‘डेथ नोट’सारख्या कृतींत जगण्यासाठी निर्णय घ्यावाच लागतो, मग तो चुकीचा का असेना, अशी त्यांची मांडणी. त्याच वर्षी नव्या समीक्षकांच्या एका स्पर्धेत उमेदवारांनी बुंगाकु फ्रीमात स्वतःचे अंक विकून दाखवावेत, अशी एक फेरी ठेवली होती. वाचक मिळवणे हीसुद्धा समीक्षकाची कसोटी, हे त्यामागचे गृहीतक मला फार मोलाचे वाटते.

जतन आणि पुढे

योनेझावा २००६मध्ये वयाच्या ५३व्या वर्षी गेले. त्यांच्या पश्चात तिघांनी मिळून धुरा घेतली. २००९मध्ये मेइजी विद्यापीठाने त्यांच्या संग्रहातून स्मृतिग्रंथालय उघडले. सहभागी मंडळांनी संयोजकांना दिलेल्या नमुना प्रतीही तिथे ठरावीक काळ वाचायला मिळतात. देशाबाहेरही पडसाद उमटले होतेच: अमेरिकेत २००६पासून ‘मेकाडेमिया’ हे अभ्यासपत्र निघू लागले, तेही चाहते आणि अभ्यासक यांना एकाच पानावर आणण्याच्या इच्छेने. २०२०मध्ये महामारीमुळे कोमिके रद्द करावे लागले. २०२१च्या डिसेंबरात मर्यादित उपस्थितीत ते पुन्हा भरले.

आज कोमिकेत ‘समीक्षा आणि माहिती’ हा स्वतंत्र विभाग आहे. कथा-चित्रांच्या तुलनेत तिथली गर्दी लहान असते. तरी त्या विभागाकडे कोपऱ्यातली हौस म्हणून पाहणे म्हणजे इतिहास उलटा वाचणे होय. इथे समीक्षा आधी आली आणि बाजार नंतर. चाहत्याने आपल्या आवडत्या कृतीला कठीण प्रश्न विचारले तर प्रेम उणावते, असे मानणाऱ्यांना या पन्नास वर्षांनी उत्तर दिले आहे: ज्यांनी प्रश्न विचारले त्यांनीच इतरांना प्रेम करण्यासाठी जागा बांधून दिली. ही जागा टिकवायची असेल तर तिथे येणाऱ्या प्रत्येक नव्या पिढीने विकत घेतलेल्या अंकांबरोबर एखादे मतही मांडले पाहिजे, कारण संस्थेचा पाया त्या मतावरच घातलेला आहे.